मोहाला बांधायची चिंधी

पिशवी उघडली की मी आधी वास घेते. माझी ही सवय घरात कुणालाच आवडत नाही. दूध, डाळ, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, सगळ्याचा आधी वास. आमचे हे म्हणतात, "तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं. तेही कुत्र्यांच्या पथकात." म्हणू देत. या सवयीने माझं आजवर नुकसान झालेलं नाही, फायदाच झालाय.

त्या दिवशी पिशवीत मोहफुलं होती. माझ्या माहेरून, महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकावरून, दर वैशाखात येतात तशी आलेली. ट्रॅव्हल्सच्या गाडीने वाघोलीपर्यंत आणि तिथून यांच्या स्कूटरवरून धायरीपर्यंत. वाळून मनुकांसारखी झालेली तांबूस फुलं. मी ओंजळ नाकाशी नेली. मोहाचा गोड, जरा आंबूस वास आलाच, पण त्याच्यामागून दुसराही आला. राखेचा. बोटांना बारीक वाळूही लागली.

मी पिशवी खाली ठेवली. यांना म्हटलं, "ही फुलं माझ्या झाडाची नाहीत."

"झाडाने सही करून पाठवायची का?" हे म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

आता राखेचं काय ते सांगायला हवं. मोहाची फुलं पहाटे गळतात, चैत्रात, आणि ती जमिनीवरून वेचावी लागतात. खाली पाचोळा असला तर फुलं दिसत नाहीत. म्हणून बऱ्याच गावांत झाडाखालचा पाचोळा आधी पेटवून देतात. जमीन काळी होते, फूल पांढुरकं दिसतं, वेचायला सोपं जातं. पण ओल्या फुलाला राख चिकटते आणि मग तो वास जात नाही. आमच्या गावाने हे कधीच बंद केलं होतं. आग डोंगरावर चढते, लहान रोपं जळतात, म्हणून गावसभेने ठरवलं की पेटवायचं नाही, झाडून घ्यायचं. गेली काही वर्षं तर माझा भाऊ खाली जुन्या साड्या अंथरतो, असं तोच मला फोनवर सांगत आला होता. "बाई, जुन्या साड्या पाठव, खाली अंथरायले." मी पाठवत होते. मग साडीवर पडलेल्या फुलाला राख आणि वाळू लागतेच कुठून?

कुठेतरी पाणी मुरत होतं.

झाड माझं आहे, हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं अंगणात असेल. अंगणात नाही, जंगलात आहे. आमच्या गावात बहुतेक घरं गोंडांची आणि थोडी आमची, बौद्धांची. जंगल सगळ्यांचं, पण मोहाची झाडं घराघराची. कुठलं झाड कुणाचं हे कागदावर नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक. लेकीच्या लग्नात बाप तिला एखादं झाड देतो. माझ्या लग्नात वंदना झाल्यावर बाबा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, डोंगराच्या वळणावरचं कलतं झाड आजपासून हिचं. माझ्या सासरची नागपूरकडची मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, पुढे काहीतरी येईल. पुढे जेवण आलं.

ते झाड पूर्वेला कललेलं. लहानपणी मी त्याच्या खोडावर पाठ टेकून जवळजवळ झोपत असे.

आणि झाड आपलं आहे हे दर हंगामाला सांगावं लागतं. फुलं गळायच्या आधी, होळीच्या सुमारास, झाडाला आपल्या नेसत्या साडीची चिंधी बांधायची. बाई गावात नसली तर चिंधी पाठवायची, भाऊ बांधतो. लागोपाठ दोन हंगाम चिंधी दिसली नाही, तर झाड सुटलं. मग ज्याला हवं त्याने बांधावी. भांडण नाही, तक्रार नाही. म्हणून मी दरवर्षी न चुकता चिंधी पाठवते. नुसती साडी फाडून पाठवत नाही. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने एक फुली घालते, म्हणजे माझीच चिंधी बांधली की वहिनीची, हे विचारता येतं. हे माझ्या स्वभावाचे गुण आहेत, लपवत नाही.

आई-बाबा गेले. घर भावाचं झालं, तसं ते व्हायलाच हवं होतं. मला तिथे माझं म्हणायला उरलं ते एवढं झाड. ते सुटलं की मी त्या गावची कुणी नाही, पाहुणी. हे मला आतून फार स्पष्ट कळत होतं. म्हणून तो राखेचा वास मी पुन्हा पुन्हा घेत राहिले.

आमच्याकडे माणसं विरळ आणि जंगल दाट. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर निम्मा दिवस झाडांशीच बोलायचं. धान पिकतं पोटापुरतं. बाकीचं वर्ष चालतं ते मोहावर, तेंदूपत्त्यावर, चारोळीवर, बांबूवर. आमच्या लहानपणी आठवडी बाजारात मीठ, तेल, आमच्या शाळेच्या वह्या, सगळं मोहफुलं देऊन येत असे. डोंगरात लोखंड आहे हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पावसात ओढा लाल व्हायचा, पाय लाल व्हायचे, आई ओरडायची. त्या लालपणाला किंमत आहे हे नंतर बाहेरच्या लोकांनी येऊन सांगितलं. मग खाण आली, रस्ता आला, ट्रक आले.

आमच्या सोसायटीत एकदा हा विषय निघाला. समोर टॉवर उठतोय, त्याच्या लोखंडी सळयांचे ट्रक आमच्याच गेटसमोर उभे राहतात, त्यावरून. मी त्या सळयांकडेही जरा संशयानेच बघते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या तिकडे राहतं कोण? नुसतं जंगल. लोखंड काढलं तर बिघडलं कुठे?"

"मी राहत होते," मी म्हटलं.

"पण आता इथे राहता ना?" काकू म्हणाल्या आणि भाजीची पिशवी उचलून लिफ्टकडे गेल्या.

तर राख. मी आठवायला बसले आणि एकेक गोष्ट समोर येऊ लागली. पूर्वी भाऊ एक चिंधी मागायचा. मग म्हणू लागला, चार-पाच पाठव. मग अख्ख्या साड्या. मध्ये एकदा म्हणाला, "बाई, लाल नको पाठवू." का, तर म्हणे असंच. झाडाला रंगाचं काय पडलंय? व्हिडिओ कॉल करून झाड दाखव म्हटलं की तिथे रेंज नसायची. पण गावातल्या लग्नाचे व्हिडिओ पाठवायला रेंज असायची. आणि नवीकोरी मोटारसायकल घेतली होती. घेतली हे त्याने सांगितलं नाही. मला त्याच्या फोटोच्या मागे उभी दिसली.

मी यांच्यापुढे सगळं मांडलं. माझं म्हणणं असं होतं की भाऊ माझ्या झाडाची चांगली फुलं कुणा व्यापाऱ्याला देतोय आणि मला बाजारातला माल पाठवतोय. किंवा त्याहून वाईट, त्याने झाडच कुणाच्या तरी नावावर सोडलंय.

"मोहाच्या फुलांवर मोटारसायकल येत नाही गं," हे म्हणाले. मला ते पटलं, आणि त्यामुळे शंका आणखी वाढली. मग आली कशावर?

दुसऱ्या दिवशी पदराला थोडी फुलं बांधून मी शनिवार पेठेत गेले. तिथे काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे, मोहफुलं मिळतात. दुकानदाराने पुडी पुढे केली. मी पुडी नाकाशी नेली, मग माझी फुलं नाकाशी नेली, मग पुन्हा पुडी.

"वास घेण्याचे पैसे आपण लावत नाही," तो म्हणाला. "पण मागे गिऱ्हाईक उभं आहे."

"ही कुठून येतात हो?"

"व्यापाऱ्याकडून."

"व्यापारी कुठून आणतो?"

"आपण इन्कम टॅक्समधून आला आहात का?"

मी नाही म्हटलं. मग त्याने जरा मवाळ होऊन सांगितलं की माल पूर्वेकडून येतो, दहा गावांचा एकत्र. झाडाचा पत्ता विचारून घ्यायची पद्धत नाही. मी पावशेर घेतली, नाही तर बाहेर पडणं अवघड झालं असतं. घरी आणून दोन ताटल्यांत शेजारी शेजारी ठेवली. तोच वास, तीच राख, तळाशी तीच वाळू. डोळे मिटून वास घेतला असता तर कुठली ताटली कुठली हे मलाही सांगता आलं नसतं. म्हणजे भावाने पाठवलेली फुलं बाजारातली होती. यात आता शंका नव्हती.

त्या आठवड्यात मी त्याला रोज फोन केला. झाड दाखव, झाड दाखव. शेवटी त्याने दाखवलं. मोबाइल हलत होता, ऊन होतं, मागे पाखरं ओरडत होती. एक मोह होता, मोठा, चांगला, त्याला माझ्या चिंधीसारखं काहीतरी बांधलेलंही होतं. पण झाड सरळ होतं.

"बरं, पाहिलं," एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि यांना सांगितलं, "झाड सरळ आहे."

"मग चांगलंच की."

"माझं कलतं आहे."

यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "वयानुसार सुधारतात काही जण." पण बोलताना हसले नाहीत. त्यांनाही आता कुठेतरी टोचलं होतं.

जूनच्या शेवटी भाऊ स्वतःच पुण्याला आला. त्याच्या मुलीला लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. तिला तिथल्या वसतिगृहात सोडून तो आमच्याकडे धायरीला राहायला आला. मला वाटलं होतं, नवे कपडे, घड्याळ, काहीतरी दिसेल. आला तो वाळलेला. मान आणि मनगटाच्या खाली कातडी काळवंडलेली, नखांच्या कडा लाल. नखं मी लगेच पाहिली. हात धुऊनही तो लाल रंग गेला नव्हता.

मी त्याला जेवू घातलं. आधी जेवू घालायचं, मग विचारायचं, हे आईचं शिक्षण. यांनी मुद्दाम बाहेर काम काढलं. मी ताट उचललं आणि भावासमोर दोन्ही ताटल्या ठेवल्या, त्याची आणि शनिवार पेठेची.

"वास घे."

त्याने घेतला नाही. ताटल्यांकडे बघत राहिला.

"माझ्या झाडाची फुलं कोण खाते रे?" मी आमच्या बोलीत विचारलं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही राग आला की माझी बोली आपोआप तिकडची होते.

"कोनीच नाई खात, बाई."

"मंग जातात कुठं?"

"झाडच नाई," तो म्हणाला.

मी ऐकलं, पण मला समजायला वेळ लागला. मला वाटलं तो म्हणतोय की यंदा बहर नाही.

"वळनावरून रस्ता काढला ट्रकांचा. पयल्याच वर्षी गेलं. मी पोचलो तं आडवं पडून होतं."

"पयल्या वर्षी? म्हणजे एवढी वर्षं तू मले..."

"हो."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, यावरून अंदाज करावा. खोटारडा म्हटलं, चोर म्हटलं, त्या खाणवाल्या कंपनीकडून किती खाल्लं ते विचारलं. मोटारसायकलचा विषय काढला. नखांचाही. तो खाली मान घालून बसला होता. मी थांबले तेव्हा त्याने पाणी मागितलं.

"खाल्लं नाई काई," तो म्हणाला. "मागायले गेलो होतो. ते म्हणे, जागा सरकारची, झाड सरकारचं, तुह्या बहिनीचं कुठं लिहून आहे? लिहून तं नाईच ना."

"आनि गाडी?"

"तिथंच लागलो कामाले." हे सांगताना त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "रस्त्यावर पानी मारायच्या टँकरवर. धूळ बसावी म्हनून. पगाराच्या हप्त्यावर घेतली गाडी."

म्हणजे माझा संशय खरा होता. माझ्या झाडावरून गेलेल्या रस्त्यावर माझा भाऊ पाणी मारत होता. खरं ठरल्याचं मला नेहमी जरा समाधान वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"आनि हे?" मी ताटलीला बोट लावलं. "हे कायले पाठवत होता बाजारातून?"

"आधी गावातल्याच दुसऱ्या घरची मागून पाठवत होतो, यंदा तीबी भेटली नाई. नसतं पाठवलं तं तुले समजलं असतं."

"समजलं असतं तं काय झालं असतं?"

"तू चिंधी पाठवनं बंद केलं असतं," भाऊ म्हणाला.

मग त्याने सांगितलं. रस्त्यात माझ्या एकटीचंच झाड गेलं नव्हतं, बऱ्याच घरांची गेली. गावसभा बसली. कुणी म्हणालं, झाड नाही तर आता चिंधी कशाला. तेव्हा गोंडांची एक म्हातारी म्हणाली, झाड गेलं, जागा कुठं गेली? ट्रक काही जन्मभर चालणार नाहीत. रस्ता बंद झाला की जो मोह तिथे उगवेल तो कुणाचा, हे आत्ताच ठरवून ठेवा. तेव्हा ठरलं की जुनीच रीत. ज्याची चिंधी चालू, त्याची जागा. दोन हंगाम चिंधी नाही, तर सुटली. काहींनी सोडली. त्यांचं नाव आता सभेत निघत नाही.

"पन बांधता कशाले?" मी विचारलं. "झाड नाई तं?"

त्याने मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. लाल रस्ता, वळण, वळणावर कंपनीने लावलेला लोखंडी खांब, ट्रक दरीत जाऊ नये म्हणून लावतात तसला. त्याला चिंध्या. एकावर एक, गाठींवर गाठी. सगळ्या धुळीने माखून मातकट झालेल्या. मी फोटो बोटांनी मोठा केला. मोठा केल्याशिवाय मी मानलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं, त्याने मोबाइल माझ्याच हातात दिला. एका चिंधीच्या कोपऱ्यात फुली होती. मूळ पांढरी, आता तीही लाल. माझ्या पोपटी साडीचा काठ होता. मी तो ओळखला.

"एवढ्या कायले मागत होता मग? अख्ख्या साड्या?"

"टिकत नाई ना बाई. ट्रकवाले सोडून नेतात, काच पुसायले. मी टँकर घेऊन जातो तं पायतो, नसली तं दुसरी बांधतो. म्हनून तं टँकरवर टिकून आहो. दुसऱ्या कोनाले जाऊ देत नाई त्या वळनावर उभं राहायले."

आणि लाल रंगाचं त्याने आपणहून सांगितलं. तिथे सगळंच लाल आहे, झाडं, पानं, दगड. लाल चिंधी लांबून दिसत नाही. सभेची माणसं होळीला बघायला येतात, तेव्हा दिसायला हवी.

मी रडले. आधी झाडासाठी आणि मग त्या खांबासाठी, आणि मग रडता रडता मला त्याचा पुन्हा राग आला, की व्हिडिओत दुसऱ्याचं सरळ झाड दाखवून त्याला वाटलं मी फसेन. तो म्हणाला, "कलतं कुठं भेटलंच नाई." दिवसभर शोधलं म्हणे. तेव्हा मात्र आम्ही दोघेही हसलो.

संध्याकाळी हे परत आले. मी कपाटापुढे साड्या काढून बसले होते. मी निळी साडी उचलली, जयंतीला नेसते ती. बाकी सगळ्या एक तर लाल, नाही तर विटलेल्या. काठाला दात लावला.

"अगं, चांगली साडी आहे ती," हे म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हटलं आणि फाडली.

प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात फुली घालून, घड्या करून भावाच्या पिशवीत भरल्या. वाघोलीला गाडीत बसवताना त्याला बजावलं, रोज फोटो पाठवायचा. फुली दिसेल असा. तो म्हणाला, "आताबी भरोसा नाई का, बाई?" मी म्हटलं, नाही. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून हात हलवत होता आणि मी त्याच्या नखांकडेच बघत होते.

तेव्हापासून रोज सकाळी फोटो येतो. मी चहा बाजूला ठेवून आधी तो मोठा करते. निळा रंग दिसतो, चांगला लांबून दिसतो. एक-दोनदा हेही माझ्या खांद्यावरून वाकून बघताना सापडले. काकूंनाही दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "गाठ जरा सैल वाटते."

काल फोटो आला नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि फोन केला. मागे ट्रकचा आवाज येत होता. भाऊ म्हणाला, रात्रीतून खांबच बदलला त्यांनी, चिंध्यांसकट उचलून नेला, जुना कुठे टाकला ते कुणी सांगत नाही. आणि त्याच्याजवळ होत्या तेवढ्या संपल्या.

"नवा खांब आहे ना तिथं?" मी विचारलं.

"आहे."

मी फोन चालू ठेवूनच कपाट उघडलं.